सूत्र पाठ, प्रश्न गायब

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या गणितात एक प्रश्न ठरलेला असतो. उणे पाय ते पाय या अंतरात ‘एक्स स्क्वेअर’ या फलनाची फूरिये श्रेणी, म्हणजे साइन-कोसाइनची बेरीज, काढा आणि त्यावरून एक अधिक एक चतुर्थांश अधिक एक नवमांश अशी जी न संपणारी बेरीज आहे, तिचं उत्तर पाय वर्ग भागिले सहा येतं हे दाखवा. रायपूर असो, नागपूर असो की पुणे, विद्यार्थी ए-नॉट, ए-एन हे सहगुणक काढतो, बी-एन शून्य आहे असं लिहून मोकळा होतो, एक्सच्या जागी पाय ठेवतो आणि दोन ओळींत उत्तर आणतो. पैकीच्या पैकी मार्क. एक्सच्या जागी पाय ठेवायचा परवाना त्याला कुणी दिला, हे ना शिकवणारा विचारतो ना पेपर तपासणारा.

आता हाच उद्योग एक्स स्क्वेअरऐवजी नुसत्या एक्सवर करून बघावा. साइन एक्स, वजा साइन टू-एक्सचा अर्धा भाग, अधिक साइन थ्री-एक्सचा तिसरा हिस्सा, असं करत जायचं आणि सगळ्याची दुप्पट करायची. ही त्याची श्रेणी. एक्सच्या जागी पाय ठेवला की उजवीकडची एकूणएक पदं शून्य होतात. डावीकडे मात्र पाय तसाच उभा. म्हणजे पाय बरोबर शून्य! संकलन, म्हणजे इंटिग्रेशन, अचूक, चिन्हं बरोबर, आकडेमोडीत कुठे घसरलेलं नाही, तरी निष्कर्ष असा की वर्तुळाला परीघच नसतो. पहिल्या गणितात जे बिनबोभाट चाललं, ते दुसऱ्यात का चालू नये? श्रेणी अभिसारी आहे का, म्हणजे एखाद्या ठरावीक किमतीकडे जाते का, आणि जात असेल तर ज्या फलनातून ती निघाली त्याच्याचकडे परत येते का, हा या विषयातला खरा प्रश्न. अभ्यासक्रमात त्याची बोळवण ‘डिरिक्लेच्या अटी सांगा’ एवढ्यावर होते. अटी पाठ होतात. त्या कशासाठी आहेत, हे बहुतेकांना शेवटपर्यंत कळत नाही.

हे दुखणं सगळीकडचंच आहे. पण रायपूरबद्दल ते मुद्दाम बोलायला हवं, कारण उपाय करायला लागणारी सगळी माणसं तिथे एकाच रस्त्याला लागून आहेत. जयस्तंभ चौकाकडून टाटीबंधकडे जाणाऱ्या जी. ई. रोडच्या आसपास सायन्स कॉलेज आहे, १९५६ सालच्या खाण व धातुशास्त्र महाविद्यालयातून घडलेली एनआयटी आहे, १९६४ साली सुरू झालेलं पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आहे आणि पुढे २०१२ साली सुरू झालेलं एम्स आहे. विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते शुक्ल नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री होते. १९५६पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती, आणि हाच रस्ता पुढे दुर्ग, राजनांदगावमार्गे नागपूरला जातो. या पट्ट्यात रोज फूरियेची सूत्रं फळ्यावर लिहिली जातात आणि त्याच पट्ट्यात रोज एमआरआयच्या यंत्रात फूरियेच्या सूत्रांनी माणसांचे मणके तपासले जातात. दोन्हीकडच्या लोकांची गाठ मात्र क्वचितच पडते.

अभिसरणाचा प्रश्न म्हणजे सोवळ्यातल्या गणितज्ञांची किरकिर, असा एक समज आहे. इतिहास नेमका उलटा आहे. जोसेफ फूरियेने १८०७ साली उष्णतेच्या प्रवाहावरचा निबंध पॅरिसला सादर केला आणि कुठलंही फलन साइन-कोसाइनच्या बेरजेत मांडता येतं असा दावा केला. परीक्षकांत लाग्रांज होता. त्याला हे पटेना. १८११ सालच्या स्पर्धेत फूरियेला या कामासाठी बक्षीस मिळालं, पण काटेकोरपणा कमी आहे असा शेरा सोबत आला. ग्रंथ निघायला १८२२ साल उजाडलं. फूरियेची उत्तरं बरोबर येत होती, का येतात हे त्यालाही नीट सांगता येत नव्हतं. पहिली भक्कम सिद्धता दिली डिरिक्लेने, १८२९ साली. परीक्षेत विचारतात त्या अटी याच.

त्यानंतर जे झालं ते गणिताच्या इतिहासात दुसऱ्या कुठल्याही प्रश्नाच्या वाट्याला फारसं आलेलं नाही. ‘संकलन’ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या रीमानला १८५४ साली करावी लागली ती त्रिकोणमितीय श्रेणींवर लिहिताना. अशी श्रेणी एकाच प्रकारे लिहिता येते का, याचा शोध घेता घेता १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला कँटर अनंत संचांपर्यंत पोचला. आज शाळेतच भेटणाऱ्या संचांच्या शास्त्राचं मूळ तिथे आहे. फलन संतत असलं, म्हणजे त्याचा आलेख पेन न उचलता काढता आला, की श्रेणी जुळणारच असं बहुतेकांना वाटत होतं. १८७३ साली द्यु ब्वा-रेमाँने एक संतत फलन असं दाखवलं, ज्याची श्रेणी एका बिंदूवर अभिसारी होतच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लेबेगने संकलनाची नवी कल्पना आणली, तिची पहिली मोठी कसोटी फूरिये श्रेणींवरच लागली. आणि १९२३ साली कोल्मोगोरोव्हने लेबेगच्या अर्थाने संकलनीय असं फलन प्रसिद्ध केलं, ज्याची फूरिये श्रेणी जवळजवळ प्रत्येक बिंदूवर अपसारी होते. हे रचलं तेव्हा त्याचं वय होतं एकोणीस, म्हणजे बी.एस्सी.च्या वर्गातल्या मुलाएवढं. तीन वर्षांनी त्याने एकही बिंदू न सोडणारं उदाहरण दिलं.

मग चांगली बातमी कुठे? ती १९६६ साली स्वीडनच्या लेनार्ट कार्लसनने दिली. ज्या फलनाचा वर्ग संकलनीय आहे, त्याची श्रेणी जवळजवळ सर्वत्र त्या फलनाकडेच जाते. लुझिनने हे अनुमान अर्धशतकापूर्वी केलं होतं. गंमत अशी की कार्लसन आधी हे अनुमान खोटं पाडायच्या खटपटीत होता. उलट उदाहरण का सापडत नाही याचा माग काढताना त्याला सिद्धता सापडली. २००६ सालचं आबेल पारितोषिक त्याला मिळालं, त्यात या प्रमेयाचा वाटा मोठा. आणि विषय संपलेला नाही: दोन चलांच्या फलनासाठी वर्तुळाच्या आत येणारी पदं घेऊन बेरीज केली, वर्तुळ वाढवत नेलं, तर कार्लसनसारखं प्रमेय खरं राहतं का, हे आजही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

वर्गात यातलं काही सांगायचं नसेल तर निदान एक आकडेमोड तरी करून घ्यावी. चौकोनी लाट घ्या, अर्धा वेळ अधिक एक आणि अर्धा वेळ उणे एक. तिच्या श्रेणीचं एकच पद घेतलं तर आलेखाची उंची १.२७३पर्यंत जाते. दोन पदांना १.२००, तीन पदांना १.१८८, दहा पदांना १.१८०. कुणालाही वाटेल की असंच उतरत ते एकावर येऊन टेकेल. येत नाही. हजार पदं घ्या, लाख घ्या, लाट जिथे एकदम उडी घेते, त्या उडीच्या शेजारचं शिंगासारखं टोक १.१७९च्या आसपास अडून बसतं. फक्त ते बारीक होत होत उडीच्या अधिकाधिक जवळ सरकतं. उडीची उंची दोन, जास्तीची उंची ०.१७९, म्हणजे जवळपास नऊ टक्के. १८९८ साली मायकेलसनने ऐंशी पदांची बेरीज करणारं यंत्र बनवलं आणि ‘नेचर’मध्ये वाद पेटला. विलार्ड गिब्जने १८९९ साली त्याच नियतकालिकात नीट खुलासा केला, म्हणून हे शिंग त्याच्या नावाने ओळखलं जातं. हेन्री विल्ब्रॅहम नावाच्या इंग्रजाने हीच गोष्ट १८४८ सालीच लिहून ठेवली होती. ती कुणी वाचली नव्हती.

श्रेणीकडून फूरिये रूपांतराकडे (ट्रान्सफॉर्मकडे) गेलं की तोच प्रश्न संकलनीयतेच्या वेषात समोर येतो. सगळ्यात साधं फलन घ्या: उणे एक ते एक या अंतरात एक, बाकी सगळीकडे शून्य. याचं फूरिये रूपांतर साइन भागिले चल या जातीचं असतं, दोन्ही बाजूंना खालीवर होत मंदावत जाणारं. त्याच्या एकेका उंचवट्याचं क्षेत्रफळ मोजलं तर पहिला, दुसरा, तिसरा असे ते साधारण एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश या प्रमाणात घटतात. ही बेरीज कुठेच थांबत नाही, हे बारावीच्या मुलालाही माहीत असतं. म्हणजे सगळे उंचवटे धन धरले तर हे रूपांतर संकलनीय नाही. वरचे आणि खालचे एकमेकांना खात गेले म्हणून साइन एक्स भागिले एक्सचं संकलन पायवर येऊन ठेपतं, इतकंच. हा अपघात नव्हे. रूपांतर जर निखळपणे संकलनीय असेल तर मूळ फलन संतत असावंच लागतं, असं प्रमेय आहे. आपल्या फलनात उडी आहे, तेव्हा त्याचं रूपांतर संकलनीय असणं शक्यच नव्हतं. या डब्यासारख्या फलनाऐवजी त्रिकोण घेतला, की उडी जाते, रूपांतरात साइन भागिले चलचा वर्ग येतो आणि बेरीज सुखाने थांबते.

याचं इस्पितळात काय काम? एमआरआयचं यंत्र शरीराचा फोटो काढत नाही. ते शरीराच्या आतल्या चित्राचं फूरिये रूपांतर मोजतं आणि संगणक त्यावरून चित्र उभं करतो. ही पद्धत १९७५ साली झुरिकमध्ये तिघांनी मांडली: अनिल कुमार, डिटर वेल्टी आणि पुढे १९९१ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे रिचर्ड अर्न्स्ट. यातले अनिल कुमार पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अनेक वर्षं होते. आता यंत्र रूपांतर मोजणार ते किती? रुग्णाला तासन् तास बोगद्यात ठेवता येत नाही, तेव्हा मापनं कुठेतरी तोडावी लागतात. जिथे तोडलं तिथे गिब्ज हजर. मज्जारज्जू आणि त्याच्या भोवतीचा द्रव यांच्यात उजेडाची मोठी उडी असते. मापनं कमी घेतली तर या सीमेला समांतर अशा पट्ट्या चित्रात उमटतात आणि त्यातली एखादी नेमकी मज्जारज्जूच्या मधोमध पडते. मज्जारज्जूत पाण्याची पोकळी होण्याचा एक खरा आजार आहे, आणि ही खोटी पट्टी हुबेहूब तशी दिसते. जाणता रेडिऑलॉजिस्ट मापनांची संख्या वाढवून पुन्हा चित्र घेतो. पट्टी सरकली किंवा पातळ झाली तर ती गणिताची, रुग्णाची नव्हे. डॉक्टर ही खूण अनुभवाने शिकतात. जो विद्यार्थी १.१७९वर अडलेलं शिंग स्वतः काढून बसला आहे, त्याला ती एका वाक्यात समजावून देता येईल.

दुसरं उदाहरण प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलच्या फोटोंत आहे आणि त्यात एक मराठी नाव आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यातल्या कोसबें गावचा, १९०७ सालचा; शिक्षण हार्वर्डला, मग बनारस, अलीगड आणि पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. मराठी वाचक त्यांना ओळखतो तो इतिहासकार म्हणून. पण १९४३ साली, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना, त्यांनी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. फूरिये सगळ्यांना एकाच मापाच्या लाटा लावतो. कोसंबींनी वेगळी वाट धरली: ज्या फलनांत यदृच्छेचा भाग आहे, तिथे त्या माहितीतला आपसातला संबंध मोजा आणि त्यावरून त्या माहितीला साजेशा लाटा ठरवा. मग ठरावीक पदांत जितकी कमी चूक राहू शकते तितकीच राहते. इथे चूक मोजायची ती बिंदूबिंदूवर नव्हे, तर वर्गांची सरासरी काढून. अभिसरणाचा अर्थच बदलला, आणि तो बदलताच काम सोपं झालं. काही वर्षांनी फिनलंडच्या कारहुनेनने आणि फ्रान्सच्या लोएव्हने स्वतंत्रपणे हेच मांडलं. जगभर या विस्ताराला त्या दोघांचं नाव लागतं, कोसंबींचं कधी लागतं, कधी नाही.

या विस्ताराची अडचण एकच: प्रत्येक चित्रासाठी नव्या लाटा शोधत बसणं परवडत नाही. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी टी. नटराजन व के. आर. राव यांनी अमेरिकेत काम करताना १९७४ साली नुसत्या कोसाइनवर चालणारं एक रूपांतर सुचवलं आणि ते या आदर्श विस्ताराच्या अगदी जवळ जातं हे दाखवलं. जेपीईजी फोटो आजही त्यावर चालतात: चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन करायचे आणि प्रत्येकाचं हे रूपांतर घ्यायचं. साधं फूरिये का नाही? कारण फूरिये तुकड्याची डावी कड उजवीला जोडून बघतो, दोन्हींचा रंग वेगळा असला की तिथे उडी तयार होते आणि सहगुणक एक भागिले एन अशा रडतखडत वेगाने घटतात. कोसाइनचं रूपांतर तुकड्याची आरशातली प्रतिमा शेजारी ठेवतं. उडी नाहीशी होते, सहगुणक एक भागिले एन वर्गाच्या वेगाने घटतात, थोड्या पदांत काम भागतं. एकाची बेरीज थांबत नाही, दुसऱ्याची थांबते. अभ्यासक्रमातून हद्दपार झालेला प्रश्न तो हाच.

मध्य भारताला हा विषय परका नाही. अलाहाबादला बद्रीनाथ प्रसाद यांनी फूरिये श्रेणींच्या संकलनक्षमतेची एक परंपरा उभी केली. त्यांचे शिष्य त्रिबिक्रम पती जबलपूरला आले आणि इथल्या विद्यापीठांत हा विषय रुजला. संकलनक्षमता म्हणजे, श्रेणी सरळ जुळत नसेल तर तिच्या बेरजांची सरासरी घेऊन जुळवण्याचं शास्त्र. त्याचा पाया फेयेरने १९०० साली, वयाच्या विसाव्या वर्षी घातला: संतत फलनाच्या श्रेणीच्या बेरजांची सरासरी घ्या, ती त्या फलनाकडेच जाते. चौकोनी लाटेचं शिंगही या सरासरीत गळून पडतं. इतका कामाचा विषय! पण देशभरातल्या पीएच.डी.च्या कारखान्यात त्याचं काय झालं हे या क्षेत्रातली माणसं खासगीत कबूल करतात. एका सरासरीवर दुसरी सरासरी, जुन्या प्रमेयातली एक अट जरा सैल, की नवा शोधनिबंध. सरासरी कशाला घ्यायची, एमआरआयच्या चित्रात ती घेतली तर पट्टी जाते पण कड किती पुसट होते, हे प्रश्न प्रबंधांच्या बाहेर राहिले. प्रबंध वाढले आणि विषयाची पत घसरली.

यावर उत्तर तयार असतं: अभ्यासक्रम आधीच ओसंडून वाहतोय, मुलांना प्लेसमेंट हवी, सिद्धता शिकवायला वेळ कुणाकडे आहे? तक्रार खोटी नाही. कार्लसनचं प्रमेय दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरला शिकवा, असं कुणीच म्हणत नाही. ते भल्याभल्यांना झेपत नाही. पण सहगुणक काढायचे तेच ते संकलन आज संगणक क्षणात करून देतो, आणि आपण मुलांकडून तीन तासांत तेच करून घेतो. संगणक जे करत नाही ते एवढंच, की हे उत्तर विश्वास ठेवण्याजोगं आहे का, असं विचारणं. नोकरीच्या बाजारातही किंमत यालाच येणार आहे. तेव्हा वेळ नाही ही सबब अर्धीच खरी. वेळ आहे, तो भलतीकडे जातोय.

करता येण्याजोग्या गोष्टी छोट्या आहेत. ‘डिरिक्लेच्या अटी सांगा’ हा प्रश्न काढून टाकावा आणि त्या जागी एक्सची श्रेणी देऊन विचारावं, की पाय बरोबर शून्य आलं, चूक कुठे आहे? ज्याला उडी दिसली, त्याला अटी पाठ नसल्या तरी चालेल. एका प्रात्यक्षिकात चौकोनी लाटेची एक, तीन, दहा, शंभर पदं संगणकावर काढून शिंगाची उंची नोंदवायला लावावी. पायथॉनच्या दहा-बारा ओळींचं काम आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विद्यापीठाच्या गणित विभागाने एम्सच्या रेडिऑलॉजी विभागाशी करार करावा आणि रुग्णाची ओळख पुसलेली मूळ मापनं मुलांच्या हाती द्यावीत. एकच मापन अर्धं तोडून, पाव तोडून, सरासरी घेऊन आणि न घेता, चित्र कसं बदलतं हे ज्याने बघितलं, त्याचा प्रबंध सरासरीवर सरासरी या वळणाने जाणार नाही. यासाठी नवी इमारत नको, नवं पदही नको. दोन विभागप्रमुखांच्या सह्या आणि नीतिसमितीची परवानगी पुरे.

रायपूरच्या मराठी मंडळींनाही यात एक काम आहे. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात नाटकं होतात, गणेशोत्सव होतो, व्याख्यानं होतात. त्यात एक व्याख्यान गणितज्ञ कोसंबींच्या नावाने असावं, मराठीत किंवा हिंदीत, आणि एनआयटीच्या पोरांना दार उघडं असावं. कोसंबींचा जन्मदिवस ३१ जुलै. नवं सत्र तेव्हा नुकतंच लागलेलं असतं. पहिल्या वर्षीचा विषय तर ठरलेलाच आहे: मोबाइलवरचा फोटो वारंवार पाठवला की त्यात चौकोन का दिसू लागतात. बोलायला एक गणिताचा आणि एक रेडिऑलॉजीचा असे दोघे बोलवावेत, आणि प्रश्नोत्तरांना व्याख्यानाइतकाच वेळ ठेवावा.